शेऱ्याची जागा

लॅबच्या रिपोर्टवर सगळ्यात खाली एक ओळ असते. तिच्या सुरुवातीला 'शेरा' असं छापलेलं असतं आणि पुढची जागा कोरी. अडतीस वर्षं मी खालापुरात रक्त तपासलं, पण त्या कोऱ्या जागेत मी फार तर वीस-पंचवीस वेळा लिहिलं असेल. एकदा लिहून खोडलं. ही त्या खोडलेल्या शेऱ्याची गोष्ट आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. मला वाचायची सवय आहे, सांगायची नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये शकू लॅबमध्ये आली. तिला मी आधीपासून ओळखत होतो. साजगावच्या अलीकडे तिचं घर आहे, आणि तिच्या सासरचा तांदूळ आमच्याकडे वीस वर्षं येतो. नवरा हिरू टेंपो चालवतो. शकू स्वतः बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. त्या दिवशी जिना चढून आली आणि बाकावर बसून दोन मिनिटं नुसती धापा टाकत राहिली. हिमोग्लोबिन निघालं सहा पूर्णांक एक.

आमच्या भागातल्या बायकांचं रक्त मला पाठ आहे. लोह कमी असतं, त्यामुळे तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली शकूच्या रक्ताच्या काचेवर नेमकं उलटं होतं. पेशी थोड्या होत्या, पण एकेक पेशी मोठी, लांबट, गच्च भरलेली. पांढऱ्या पेशी त्याहून चमत्कारिक. त्यांच्या केंद्रकाला तीन-चार खण असतात, क्वचित पाच. शकूच्या पेशीत मी सहा मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. पुढे सात खणांची एक सापडली.

हे चित्र मी पुस्तकात अनेकदा पाहिलं होतं. पेशी दुभागण्याआधी तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. बी-बारा किंवा फोलिक आम्ल कमी पडलं की त्यातल्या एका अक्षराचा तुटवडा होतो. मग त्याच्या जागी भलतंच अक्षर बसतं. पेशी ते उपटून काढते, तिथे पुन्हा तेच भलतं येऊन बसतं, आणि उपटता उपटता धागाच तुटतो. नक्कल पुरी होत नाही, म्हणून पेशी दुभागत नाही. अंगानं मात्र वाढत राहते. बऱ्याच पेशी हाडांच्या मज्जेतच मरतात, आणि ज्या बाहेर पडतात त्या अशा बेढब असतात.

मी पेन्सिलीनं शेऱ्यात लिहिलं, 'पेशी मोठ्या. बी-बारा तपासावे.' लिहिल्यावर बराच वेळ त्याकडे पाहत बसलो.

लॅबचे मालक डॉक्टरसाहेब पनवेलहून आठवड्यातून दोनदा येऊन सह्या करतात. काही वर्षांपूर्वी मी असाच एक शेरा लिहिला होता, तेव्हा ते हसत हसत म्हणाले होते, "मकसूदभाई, तुम्ही मोजा. सांगायचं काम माझं." चारचौघांत म्हणाले होते. मला ते खरंही वाटलं होतं. माझं शिक्षण एका वर्षाच्या कोर्सचं, बाकी सगळं रद्दीतून आणलेल्या पुस्तकांतलं. शिवाय पेशींच्या आकाराचा आकडा मशीननं रिपोर्टवर छापलेलाच होता, एकशेएकवीस; तो शंभराच्या आत हवा. पाहणारा पाहील, असं मनाशी म्हणून मी रबरानं शेरा खोडला.

एका रिपोर्टवर वीस आकडे असतात. लोक पहिला वाचतात. कधी कधी डॉक्टरही.

काच मात्र मी फेकली नाही. मनाला टोचणाऱ्या काचा मी फेकत नाही, घरी एका लाकडी पेटीत ठेवतो. ही सवय लॅबच्या नियमात बसत नाही.

शकूला लोह आणि फोलिक आम्लाच्या लाल गोळ्या मिळाल्या. चार महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. धाप थांबली, चेहऱ्यावर रंग आला. तिनं पेढे आणले, आणि आपण शेरा खोडला ते बरंच झालं, नाहक घाबरवलं असतं, असं मला वाटलं. हे मी लपवणार नाही.

जानेवारीत हिरूनं आम्हाला पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. कोंबडी आमच्याकडूनच कापून नेली होती, म्हणजे आम्हालाही खाता येईल. शेतात मडकं भांबुर्डीच्या पाल्यानं भरलं, त्यात शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी घातली, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. शेजारी एक छोटं मडकं वेगळं भाजत होतं.

"ते कुणाचं?" माझ्या बायकोनं, आसियानं, विचारलं.

"माजं, भाभी," शकू म्हणाली. "नुसत्या शेंगा."

"सोवळी झालीस काय गं?"

"सा वर्सं झाली. मासळी नाय, मटन नाय, अंडं नाय, दूध नाय. चाय पन कोरा."

"आगऱ्याच्या घरात सुकट न खाणारी बाई म्हणजे नवलच!"

"वास येतो ना सुकटीचा, तवा जीव जातो, खरं सांगते," शकू हसली. मग तिनं बांधावर बसलेल्या समीक्षाकडे, तिच्या मुलीकडे, बोट दाखवलं. सहा वर्षांपूर्वी ती टेंपोतून पडून अकरा दिवस बेशुद्ध होती. "गावदेवीपुढं बोलले, पोरगी उठली तर हे सगलं सोडलं. बाराव्या दिशी उठली."

मी तिथे मडक्याजवळ बसून मनात हिशेब करत होतो. बी-बारा प्राण्यांकडूनच मिळतं. शरीरात त्याचा साठा असतो, तो तीन ते पाच वर्षं पुरतो. सहा वर्षं.

अंधारून येत होतं. शकू पाणी आणायला बांधावरून निघाली आणि चार पावलांवर कोलमडली. हिरू ओरडला, "पोपटीचा धूर चढला गं हिला!" सगळे हसले. तीही हसली, पण उठताना तिनं दोन्ही हात जमिनीला टेकले. मी जवळ गेलो.

"पायाला काय होतंय, शकूताई?"

"काय नाय, भाई. मुंग्या येतात. जमीन लागतच नाय पायाला, कापसावर चालल्यावानी." ती हळूच म्हणाली. "उजेडात खाली बघून चालते. काळोख झाला की पाय कुठं हायत ते कलत नाय."

"कधीपासून?"

"गणपतीपासून. आनि कंपनीत आता..." ती थांबली. "सांगू का नको? ते म्हनतात मी पिते."

कारखान्यात फाटकापासून शेडपर्यंत जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली आहे. कुणावर दारूचा संशय आला की वॉचमन त्याला त्या पट्टीवरून चालायला लावतो. शकूच्या हातून खोकी पडू लागली, चाल वाकडी झाली, तेव्हा तिलाही चालवलं. दोन पाळ्यांच्या बायका बघत होत्या. ती पट्टीबाहेर गेली. फुंकायच्या यंत्रात शून्य आलं, तर म्हणाले, मग गोळ्या घेत असशील. तिला घरी बसवलं होतं, आणि पुढच्या शुक्रवारी चौकशी होती.

"रगत तर आता चांगलं हाय ना, भाई?" तिनं विचारलं. "तुमी तसं लिहून द्या. अकरा हाय म्हनून."

रक्त चांगलं होतं, आणि तेच वाईट होतं. फोलिक आम्लानं डीएनएच्या कामाला चोरवाट काढून दिली होती. बी-बारा नसतानाही पेशी दुभागू लागल्या, आकडा चढला. पण नसांवरच्या वेष्टणाला बी-बाराच लागतं, तिथे चोरवाट नाही. रक्त सुधारताना सगळे समाधानात होते, मीसुद्धा, आणि त्या सात महिन्यांत आत नसा झिजत होत्या. मी तो शेरा खोडला नसता तर ती पट्टीवरून सरळ चालली असती.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता तिचं रक्त काढलं आणि बी-बारासाठी मुंबईला पाठवलं. किमान दोनशे हवं, तिचं आलं चौऱ्याऐंशी. मी डॉक्टरसाहेबांना फोन केला, कारखान्यात जाऊन हे सांगणार आहे म्हणालो.

"कोणत्या अधिकारात, मकसूदभाई?"

मी बी-बाराचा आकडा पुन्हा वाचून दाखवला.

"आपल्या लॅबकडून चूक झाली असं तिथे बोलणार असाल," ते म्हणाले, "तर सोमवारपासून येऊ नका."

घरी मी आसियाला म्हटलं, "कदाचित त्यांचंच बरोबर आहे. मी कोण?"

आसिया तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमी ना, चाळीस वर्सं भितीला सांगितलं, पुस्तकाला सांगितलं, मला सांगून सांगून माझे कान किटले. आता ज्याला सांगायचं त्याला सांगा. नायतर ती पेटी पन फेकून द्या. घरात जागा होईल."

शुक्रवारी मी रिक्षा केली. मांडीवर माझा जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक होता, खिशात रुमालात गुंडाळलेली काच. वाटेत दोनदा रिक्षा परत फिरवावीशी वाटली.

चौकशी विपुल नावाच्या अधिकाऱ्याच्या खोलीत होती. शकूच्या बाजूचा माणूस म्हणून मला आत सोडलं. तिशीतला, नीटनेटका. त्याच्या बाजूला कारखान्याच्या डॉक्टर, प्राचीमॅडम. समोर शकू, खुर्चीची कड धरून.

"काका, तुम्ही वकील?" विपुलनं विचारलं.

"नाही. मी... रक्त तपासतो."

"मग इथे?"

मी सूक्ष्मदर्शक त्याच्या टेबलावर खिडकीकडे तोंड करून ठेवला. काच बसवायला वेळ लागला. "पाहा," एवढंच म्हणालो.

त्यानं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग वाकला. "जांभळं जांभळं दिसतंय."

"मधल्या पेशीतले खण मोजा."

"चार... पाच... सहा. मग?"

"मग ही चाल दारूची नाही."

प्राचीमॅडमनी त्याला जवळजवळ बाजूला सारलं आणि स्वतः डोळा लावला. मी बी-बाराचा कागद पुढे केला. मग बोलू लागलो. तुटक बोललो, मध्येच मागे गेलो, डीएनए, अक्षरं, चोरवाट, नसा, सगळं एकात एक. पण थांबलो नाही. विपुलनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "अजून झालं नाही माझं." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मला फक्त हिमोग्लोबिन कळवलं होतं," प्राचीमॅडम म्हणाल्या. "ही काच जूनची आहे? जूनमध्ये तुम्ही हे पाहिलं होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"लिहिलं होतं. खोडलं."

शकूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला करता येणार नाही. मग ती हळूच उठली आणि विपुलसमोर येऊन उभी राहिली.

"सायब, मला चालवलंत ना पट्टीवरून? आता हितं बघा." तिनं पाय जुळवले. "मी डोले मिटते. तुमी धरा फक्त."

"अहो, कशाला..."

तिनं डोळे मिटले. दोन श्वास उभी राहिली आणि तोडलेल्या झाडासारखी पुढे गेली. विपुलला तिला दोन्ही हातांनी धरावंच लागलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

डोळे उघडून, तशीच राहून ती म्हणाली, "आला का वास?"

"नाही," विपुल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्यानं तिला खुर्चीत बसवलं, फाइल मिटली आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "दारूचा विषय संपला, ताई. पण अशा तब्येतीत लाईनवर कसं ठेवणार? तुम्हीच राजीनामा दिलात तर सन्मानानं..."

"म्हंजे आधी दारूडी म्हनून काढत व्हता, आता आजारी म्हनून काढता? दार तेच, पाटी बदलली." शकूनं पदर खोचला. "मी जानार नाय."

"तीन महिने उपचार, मग पुन्हा तपासू," प्राचीमॅडम विपुलला म्हणाल्या. "तोपर्यंत आजारपणाची रजा. मी लिहून देते." मग शकूला, "इंजेक्शनं सुरू करू. आणि आजपासून दूध, अंडी..."

"ते नाय."

"अहो, त्यामुळेच तर हे झालं!"

"पोरगी घेतली, मॅडम. आता अंडं खाऊन परत देऊ? पाय गेले तरी चालंल." आणि माझ्याकडे वळून, "भाई, त्या सुईत मासा हाय का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. त्यासाठी मी दोन दिवस वाचलं होतं. "नाही. ते टाक्यांमध्ये जिवाणू बनवतात."

"जिवानू म्हंजे जीवच की."

"आंबोळीचं पीठ आंबवतात ना, तसले. मासा नाही, मटण नाही, दूध नाही."

तिनं विचार केला. खोलीत सगळे तिच्या विचाराची वाट पाहत होते. "आंबोली देवीला चालते," ती म्हणाली. "मग टोचा."

मी जूनच्या रिपोर्टची प्रत काढली. शेऱ्याच्या जागेत पेनानं लिहिलं: 'पेशी मोठ्या, केंद्रकाला सहा-सात खण. बी-बाराची कमतरता. हा शेरा जूनमध्ये लिहून मी खोडला होता.' खाली माझं पूर्ण नाव आणि त्या दिवसाची तारीख. शकूच्या फाइलमध्ये तो कागद स्वतः लावला आणि मगच सूक्ष्मदर्शक उचलला. सोमवारी लॅबची किल्ली देऊन आलो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "वाईट वाटतं, मकसूदभाई." मी म्हटलं, "मला नाही." ते पूर्ण खरं नव्हतं.

इंजेक्शनचं औषध लालभडक असतं. हिरू म्हणायचा, "देवीच्या कुंकवाचं पानी टोचतात हिला." पहिल्या महिन्यात काहीच फरक नव्हता. माझी झोप उडाली. दुसऱ्या महिन्यात मुंग्या वाढल्या, तेव्हा शकू चिडून घरी आली. मी पुस्तक काढून तिला दाखवलं, नसा जाग्या होताना असं होऊ शकतं. ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकाला मुंग्या येतात का?" पण पुढची सुई चुकवली नाही.

एप्रिलमध्ये मॅडमनी तिला तपासून कामाला योग्य म्हणून लिहून दिलं. त्या दिवशी तिनं मला फाटकापर्यंत नेलं. पाळी बदलायची वेळ होती. आतल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बायका थांबल्या होत्या. तिनंच तसा निरोप दिला असणार. विपुलसाहेब शेडच्या दारात उभे होते.

"शकूताई, याची गरज नाही," ते तिथून म्हणाले. "सर्टिफिकेट आहे."

"माज्यासाठी गरज हाय."

आणि ती चालू लागली. खाली पाहिलं नाही. पूर्ण पट्टीभर तिची नजर विपुलसाहेबांच्या तोंडावर होती. टाच, पाऊल, टाच, पाऊल. एकदा मध्येच हलली तेव्हा माझा हात फाटकाच्या गजावर आवळला, पण तिनं स्वतःला सावरलं आणि शेवटपर्यंत गेली. विपुलसाहेबांच्या पुढ्यात थांबली.

"आता तुमी," ती म्हणाली. "डोले मिटून."

बायका फिसकन हसल्या. ते जरा थांबले, मग खरोखर डोळे मिटून निघाले. तिसऱ्या पावलाला त्यांचा बूट पट्टीबाहेर पडला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "फुंकायला लावा रं यांना!"

शकू फाटकाशी परत आली, डबा घ्यायला. हसत होती. मी विचारलं, सगळं नीट लागतं ना पायाला आता? तिनं डावा पाय जमिनीवर दाबून पाहिला.

"डाव्या अंगठ्याला अजून काय कलत नाय, भाई."

तो अंगठा बहुधा तसाच राहील. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे, उशीर झाला तर सगळं परत येत नाही. मी तिला ते सांगितलं. या वेळी खोडलं नाही. आणि म्हटलं, "तो अंगठा माझ्यामुळे गेला, शकूताई."

तिनं डबा बगलेत मारला. "आसू दे. बाकीचे नऊ हायत ना," ती म्हणाली आणि पट्टीवरून आत गेली.